वर मऊ, खाली कठीण

सरांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या काकूंची, आयुष्यभर एकच तक्रार होती: लोणच्याच्या बरण्या. घरात काचेची बरणी रिकामी झाली की ती धुऊन वाळायच्या आत नाहीशी व्हायची आणि चिकलठाण्याला आमच्या लॅबच्या मांडणीवर मातीनं भरलेली सापडायची.

"यंदाचं लोणचं घालू कशात? तुमच्या डोक्यात?" काकू फोनवर विचारायच्या. त्यांचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू यायचा.

"डोक्यात घाल," सर शांतपणे म्हणायचे. "पण ही बरणी मागू नको. हिच्यात समुद्र आहे."

मांडणीवर साठ-सत्तर बरण्या होत्या. एकेक बरणी म्हणजे एकेका जागेची जमीन. तपासणीला आलेल्या नमुन्यांतून उरलेली माती सर जशी जमिनीत होती त्याच क्रमानं बरणीत भरायचे, वरचा थर वर, खालचा खाली. बहुतेक बरण्या आमच्याच भागातल्या होत्या: कुठं शाळेची इमारत, कुठं पाण्याची टाकी, कुठं साखर कारखान्याची चिमणी. सात-आठ बरण्या मात्र करड्या-हिरवट रंगाच्या, शिंपल्यांचा चुरा असलेल्या. त्या समुद्रतळाच्या होत्या.

संभाजीनगरात समुद्रतळाची माती कशाला येते, असं मला आजही विचारतात. समुद्र इथून दिवसभराच्या रस्त्यावर आहे. सर आधी इंजिनिअरिंग कॉलेजात माती शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी चिकलठाण्यात एक गाळा घेतला आणि माती तपासायची लॅब काढली. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत समुद्राचा सर्व्हे करणाऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. एकाच नमुन्यात दोन-तीन थर आले की मोठ्या लॅबवाल्यांना वेळ नसायचा. ते सगळ्याची सरासरी काढून मोकळे व्हायचे. सरांना सरासरी या गोष्टीचाच राग होता. "एक पाय निखाऱ्यावर, एक पाय बर्फात, सरासरी काढली तर माणूस मजेत आहे," असं ते म्हणायचे. म्हणून असले अवघड नमुने मेणात बंद होऊन, लाकडी खोक्यांतून, टेम्पोनं आमच्याकडं यायचे.

सरांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला दोनदा गेले, दोन्ही वेळा मीटिंग करून रात्रीच्या गाडीनं परत. "स्टेशनपासून दहा मिनिटांवर होता, सर," मी एकदा म्हटलं.

"पाहून काय करू? मधे पाणी येतं."

ते हे गमतीनं म्हणत नसत.

मी तिथं नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. गाव विचारलं. गंगापूर, म्हटलं. वडील काय करतात विचारलं. विहिरी खोदतात, म्हटलं. स्वतःची क्रेन होती आमची, तालुक्यात कुठंही विहीर निघाली की आमचीच माणसं.

"मग सांग. विहीर खोदताना काय काय लागतं?"

"वर काळी माती. मग पांढरी. मग मुरूम, मग खडक."

"आणि खडकाखाली?"

"खाली पाणी लागतं, सर. नाय लागलं तर वडलांना शिव्या लागतात."

ते हसले आणि उद्यापासून ये म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव गंगापूर. ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे. माणूस ज्या मातीतला, ते त्याचं खरं नाव, असा त्यांचा हिशेब होता. मुंबईचा तो मोठा साहेब त्यांच्या लेखी कायम "लातूर" राहिला. फक्त आमच्या लॅबमधले चाचा या नियमातून सुटले होते. ते सरांपेक्षा वयानं मोठे होते, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मेरे कू गाँव के नाम से मत बुलाओ साब, गाँव छोड़ के आया मैं."

सरांचा दुसरा एक शब्द होता, "कितीपर्यंत?" तो त्यांनी इतक्यांदा वापरला की आम्ही झोपेतही ऐकला असता. क्रांती चौकातले एक बिल्डर रिपोर्ट न्यायला आले की पाकीट उघडायच्या आधी विचारायचे, "साब, जमीन पक्की है ना?"

"कितने तक?"

"मतलब?"

"दो मंज़िल तक पक्की है. तुम पाँच बनाओगे. तो अब बोलो, पक्की है क्या?"

पक्की जमीन आणि कच्ची जमीन असे दोन प्रकार नसतात, कुठपर्यंत पक्की एवढाच प्रश्न असतो, हे त्यांचं म्हणणं. ते त्यांनी मातीपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. जेवण चांगलं झालं म्हटलं की विचारायचे, कितव्या पोळीपर्यंत? लग्नानंतर मी पहिल्यांदा कामावर आले आणि चाचांना सांगत होते की सासरची माणसं चांगली आहेत. सर यंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "कितीपर्यंत?" मला तेव्हा राग आला. दोन वर्षांनी कळलं की प्रश्न बरोबर होता. पण तो वेगळा विषय आहे.

समुद्रातलं काम नेमकं काय असतं, ते मला पुस्तकातून कळलं नाही, एका लग्नात कळलं. सरांच्या भाचीचं लग्न पैठण रोडच्या एका लॉनवर होतं. लॉन नवीन होतं. मालकानं आदल्या दिवशी भरपूर पाणी मारलेलं, सकाळी वर मुरमाचा पातळ थर टाकून रोलर फिरवलेला. वरून बघावं तर टणक जमीन. नवऱ्या मुलाचे मामा, चांगले भारदस्त, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मठ्ठा पीत होते. सर हातात ताट घेऊन त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. जेवत नव्हते, खुर्चीच्या पायांकडं बघत होते.

"मामा, हलू नका," सर म्हणाले.

"का हो?"

"तुमचा मागचा उजवा पाय जाणार आहे."

"माझा पाय?"

"खुर्चीचा."

काय म्हणताय ते बघायला मामा वळले, आणि खुर्चीचा मागचा पाय मुरमाचा पापुद्रा फोडून वीतभर खाली गेला. मामा मठ्ठ्यासकट आडवे. वऱ्हाड धावलं. सर ताट खाली ठेवून गुडघ्यावर बसले आणि चमच्याच्या दांड्यानं त्या भोकाची खोली मोजायला लागले.

"बघ, गंगापूर! बघ! हळूहळू नाही गेला. शेवटपर्यंत काही नाही, आणि मग एकदम."

काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मामा कायमचे.

समुद्रात तेलासाठी भोक पाडणारा रिग असतो, त्याचं बरंचसं त्या खुर्चीसारखं असतं. मोठा सपाट डेक आणि त्याला तीन उंच पाय. जागेवर तरंगत जातो, पाय खाली सोडतो, पाय तळाला टेकले की डेक त्यांच्यावर वर चढवून घेतो, पाण्याच्या वर. प्रत्येक पायाच्या टोकाला लोखंडी भोवरा असतो, खेळण्यातल्या भोवऱ्याएवढा नव्हे, एखाद्या बंगल्याएवढा. तो मातीत घुसतो. काम सुरू करायच्या आधी डेकवरच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून पायांवर मुद्दाम जास्तीचं ओझं टाकतात. पुढं वादळात जेवढं ओझं येईल तेवढं आत्ताच देऊन बघायचं. पाय जेवढा खचायचा तेवढा आत्ताच खचू दे.

तळ मऊ असला तर भोवरा हळूहळू खाली जातो, सगळ्यांना दिसतं, कुणी घाबरत नाही. सर म्हणायचे, "मऊ माती खोटं बोलत नाही. पाय ठेवला की सांगते." भीती असते ती वर कठीण पापुद्रा आणि खाली मऊ माती असली तर. पापुद्रा ओझं घेत राहतो, घेत राहतो, आणि मग एकदम फुटतो. एक पाय काही मीटर खाली, बाकीचे दोन तिथंच. डेक तिरका होतो, पाय वाकतात. डेकवर माणसं असतात. कुठला थर वर आणि कुठला खाली, एवढ्याच प्रश्नावर सगळं असतं. एवढं सोपं.

आता वाट्यांबद्दल सांगायला हवं. मेणातून नमुना काढला की यंत्रात दाबून बघायच्या आधी त्याची दोन्ही टोकं सरळ कापावी लागतात. जगात सगळीकडं या कापलेल्या कडा कचऱ्यात जातात. आमच्याकडं नाही. सरांच्या नियमाप्रमाणं प्रत्येक कड स्टीलच्या वाटीत जायची. (वाट्याही काकूंच्याच.) वरच्या टोकाच्या कडेत एक आगकाडी खोचायची, गुलाचं डोकं वर करून. खालच्या टोकाच्या कडेत डोकं मोडलेली काडी. वर ओलं फडकं. चाचा रोज सकाळी त्या फडक्यांवर पाणी शिंपडायचे. रिपोर्टवर सही करण्याआधी सर सगळ्या वाट्या समोर मांडून एकेक कड अंगठ्यानं दाबायचे, बोटांत चोळायचे, चिमूटभर दाताखाली घ्यायचे. दाताखाली कचकच आली की वाळू किंवा गाळ, नाही आली की चिकणमाती. मातीचं जेवण चाललंय असं वाटायचं. मग उरलेलं बरणीत. मगच सही.

मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. यंत्र आकडा देतंय, तो अचूक आहे, मग कडांचा एवढा सोहळा कशाला? मी तसं बोललेही होते.

"यंत्राला तू काय दिलंस त्याचा आकडा ते देतं," सर म्हणाले. "काय दिलंस, हे वाटी सांगते."

तो एप्रिल होता. सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नेमकी त्याच आठवड्यात समुद्राची दोन खोकी आली. टेम्पो रस्त्यात बंद पडून दुपारभर उन्हात उभा राहिला होता. खोकं उघडलं तर वरचं मेण पाघळलेलं. प्रत्येक नमुना पुठ्ठ्याच्या नळीत होता आणि वर कुठली बाजू हे दाखवणारा बाण पुठ्ठ्यावर सुरीनं कोरलेला होता, तो शाबूत होता. पण किती खोलीवरचा नमुना, हे लिहिलेली लेबलं मेणावर चिकटवलेली असायची. त्यातली दोन सुटून खोक्याच्या तळाशी पडली होती. एकावर सहा मीटर, एकावर नऊ मीटर. आणि लेबल नसलेल्या नळ्या दोन.

एका नळीत करडी मऊ चिकणमाती निघाली. दुसरीत शिंपल्यांचा चुरा घट्ट जमून कठीण झालेली वाळू.

"अब कौनसा किसका?" चाचांनी विचारलं.

नमुने काढणाऱ्या जहाजावरून आलेल्या हस्तलिखित कागदाचा फोटो माझ्याकडं होता. त्यावर सहा ते नऊ मीटरसमोर फक्त "वाळू व चिकणमाती, थरांत" एवढंच होतं. सळई दाबून थर तपासायची चाचणी खराब हवेमुळं त्या जागी झालीच नव्हती. मी लातूरला, म्हणजे मुंबईच्या साहेबाला, फोन करायला हवा होता. जहाजावरच्या माणसाला विचारा, म्हणायला हवं होतं. नाही केला. मला शंकाच आली नाही. मी मऊ मातीवर सहा मीटरचं लेबल लावलं, वाळूवर नऊ मीटरचं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"पक्का?" चाचा म्हणाले.

"चाचा, वर मऊ, खाली कठीण. असंच असतंय की."

आकडे सुंदर आले. वरचा चिखल, मग मऊ माती, मग वाळू, त्याखाली बारा मीटरवर हिरवट टणक चिकण. आलेख पायरीसारखा वर चढत गेलेला. सर दवाखान्यातून घरी आले होते, डोळ्यावर पट्टी. मुंबईहून रिपोर्टची घाई सुरू होती, रिग त्या जागेकडं निघायचा होता. मी सरांना फोन केला.

"सगळं बघितलंस?"

"व्हय, सर."

"वाट्या?"

"ठेवल्यात."

"ठेवल्यात का बघितल्यात?"

"बघितल्या," मी म्हणाले. हे खोटं होतं. मी त्या ठेवल्या होत्या फक्त.

"बरं. पाठव."

मी एकटीनं पाठवलेला तो पहिला रिपोर्ट. घरी जाताना मी पेढे घेतले होते, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

सर सोमवारी आले. डॉक्टरांनी आठ दिवस घरी बसायला सांगितलं होतं, ते चार दिवसांत आले. मोठा काळा चष्मा, हातात काकूंनी दिलेली डोळ्यांत घालायच्या औषधाची पिशवी. आले ते थेट वाट्यांकडं. धड दिसत नव्हतं, म्हणून सगळं बोटांनी चाललं होतं. आगकाडीचं डोकं चाचपायचे, कड उचलायचे, दाबायचे, ठेवायचे. जमलेल्या वाळूची खालची कड त्यांनी उचलली, बुडावरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"गंगापूर. इकडं ये. बुडाला काय चिकटलंय हे?"

मी पाहिलं. वाळूच्या तळाला करड्या रंगाचा पातळ लेप होता. नखाएवढ्या जाडीचाही नाही. त्यांनी तो नखानं खरवडून दाताखाली घेतला. मग मऊ मातीच्या वाटीतली चिमूट घेतली. मग बारा मीटरवरच्या हिरवट चिकणीची.

"कचकच नाही. चिकण आहे. हिरवी नाही, ही करडी. तुझी मऊवाली." त्यांनी तोंड पुसलं. "रिपोर्टात ही मऊ वर आहे?"

"व्हय. सहावर. वाळू नऊवर."

"मग वाळूच्या बुडाला ती कशी गेली?"

वाळू जर मऊ मातीच्या खाली असती, तर तिच्या डोक्याला ती लागली असती. बुडाला नाही.

"लेबलं कुणी लावली?"

"मी. सुटून पडली होती. उन्हानं मेण…"

"लेबलं उन्हानं पडली. लावली आपण. कशावरून लावली?"

"वर मऊ, खाली कठीण," मी म्हणाले. तोंडातून निघतानाच ते किती मूर्खपणाचं आहे हे कळलं.

"विहीर खणत होतीस का समुद्रात?"

चाचा वाट्यांवर पाणी मारत होते, ते थांबले. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, लातूरला लाव म्हणाले, आणि स्पीकर चालू करायला सांगितलं.

लातूरनं आधी डोळ्याची चौकशी केली. मग सरांनी सांगितलं.

"सर, रिग निघालाय. उद्या जागेवर पोचतोय."

"म्हणून आज फोन केला."

"नळीतून नमुना बाहेर ढकलताना चिकण लागली असेल, सर. असं होतं. तुम्हीच शिकवलंय."

"असेल."

"मग?"

"आणि तसं नसेल तर?"

"सर, तुम्हाला खात्री आहे का?"

"नाही. खात्री असती तर पत्र पाठवलं असतं, फोन कशाला केला असता?"

"नमुने घेणारा माणूस सुट्टीवर गेलाय. त्याला गाठेपर्यंत दोन दिवस जातील. रिगवाले मला खातील, सर. कापलेल्या कडेवरून सगळी पद्धत बदला म्हणू त्यांना?"

"म्हण. एका वेळी एकच पाय दाबायला सांग. आणि डेक पाण्यावरच ठेवा म्हणावं, वर उचलू नका. पाय गेला तरी डेक पाण्यावर तरंगेल. दोन दिवस जास्त लागतील. तेवढंच."

लातूरनं उसासा टाकला. "लेखी द्या, सर. कारणासकट."

फोन ठेवल्यावर मी कॉम्प्युटरवर बसले. मी पत्र लिहिलं: वाहतुकीत उष्णतेमुळं लेबलं निसटल्यानं नमुन्यांच्या खोलीबाबत संदिग्धता निर्माण झाली. सरांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"निर्माण झाली?" ते म्हणाले. "कुणी केली?"

मी पुसलं. पुन्हा लिहिलं: लेबलं निसटली होती. ती आम्ही अंदाजानं लावली. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. कठीण थर वर असण्याची शक्यता आहे. तसंच धरून चालावं.

"हां. आता छाप." खाली त्यांनी सही केली, चष्म्यातून नीट न दिसल्यानं जरा तिरकी. माझं नाव कुठंही नव्हतं. मी म्हटलं, "सर, चूक माझी होती." ते म्हणाले, "लॅबची होती. तुझं काय ते तू बघ."

पुढचे तीन दिवस आमच्याकडं कुणी रिगचं नाव काढलं नाही. सर नेहमीसारखे एका शाळेच्या नमुन्यांवर बसले. मी रोज फोनकडं बघायची. काही झालं नाही, पाय हळूहळू गेले, तुमच्या सरांनी उगाच दोन दिवस घालवले, असं लातूर म्हणेल, हीसुद्धा भीती होती. खरं सांगायचं तर तेच व्हावं असं वाटत होतं. माझं आकड्यांचं सुंदर चित्र खरं ठरावं, असंही वाटत होतं. डेकवरच्या माणसांचा विचार त्यानंतर यायचा. हे मला आवडलं नाही, पण तसं होतं.

गुरुवारी दुपारी डबे उघडले होते तेव्हा फोन वाजला.

"सर," लातूर म्हणाला. आवाज वेगळाच होता. "गेला. तिसरा पाय. दोन मीटरच्या वर. एका दमात."

सरांनी घास खाली ठेवला. "किती ओझ्याला?"

"सर, डेक पाण्यात होता म्हणून…"

"ते कळलं. किती ओझ्याला गेला?"

लातूरनं आकडा सांगितला. सर मला म्हणाले, "लिही." मी डब्याच्या खालच्या वर्तमानपत्रावर लिहिला.

"कोई मरा तो नहीं?" चाचांनी विचारलं.

"नाही, चाचा," लातूरचा आवाज आला. "डेक जरासा कलला आणि पाण्यावर टेकला. एकाचा चहा सांडला, बास."

सरांनी जेवण पूर्ण केलं. हात धुतले. मग मांडणीवरून एक बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. ती त्यांनी सोमवारीच, पत्र गेल्यावर, भरली होती. आत माझ्या रिपोर्टाचा क्रम होता: चिखल, मऊ माती, वाळू, टणक चिकण. मग दुसरी रिकामी बरणी घेऊन त्यांनी खरा क्रम भरला: चिखल, वाळू, मऊ माती, टणक चिकण. झाकणावर गुरुवारचा तो आकडा लिहिला. पहिली बरणी फेकून देतील असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. त्या आठवड्यात काकूंच्या दोन बरण्या गेल्या.

महिन्याभरानं मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं. आभार मानले होते, आणि यापुढं नमुने दुसऱ्या लॅबला पाठवू असंही लिहिलं होतं. लातूरनं फोन करून माफी मागितली, वरच्यांनी ठरवलं म्हणाला. मला वाटलं सरांना वाईट वाटेल. त्यांनी पत्र फाईलला लावलं.

"बरोबर केलं त्यांनी," ते म्हणाले. "जिथं लेबलं अंदाजानं लागतात तिथं मी पण काम दिलं नसतं."

हे माझ्या तोंडावर. मग टेबलावरचा शाळेच्या जागेचा रिपोर्ट माझ्याकडं सरकवला. "यावर तू सही कर. तुझ्या नावानं जाऊ दे."

"मी? आता?"

"आता तू विचारशील."

समुद्राचं काम आमच्याकडं पुन्हा आलं नाही. सरांनी समुद्र शेवटपर्यंत पाहिला नाही. ते गेल्यावर काकूंनी लॅबवर येऊन पदर खोचला आणि बरण्या मागितल्या. त्यांचा हक्कच होता. मी आणि चाचांनी दोन दिवस बसून साठ-सत्तर जागांची जमीन मागच्या अंगणात ओतली. काकूंनी एकेक बरणी उन्हाला धरून बघितली, नाक मुरडलं, आणि रिक्षात भरून नेल्या. त्या वर्षी त्यांनी मला कैरीचं लोणचं दिलं. त्याला मातीचा वास येत नव्हता, मी मुद्दाम बघितलं.

दोन बरण्या मी दिल्या नाहीत. काकूंना सांगितलं, फुटल्या. त्या माझ्या कपाटात आहेत.

लॅबमध्ये नवीन मुलगी लागली की पहिल्या दिवशी मी तिला त्यातली एकच दाखवते, माझीवाली. हा समुद्राचा तळ आहे, यात काही चुकलंय का बघ, म्हणते. गेल्या महिन्यात लागलेली मुलगी पैठणची आहे. हुशार आहे, कॉलेजात पहिली आलेली. तिनं बरणी फिरवून फिरवून बघितली, काचेवर बोटानं थर मोजले.

"काय नाय चुकलेलं, मॅडम," ती म्हणाली. "वर मऊ, खाली कठीण. बरोबरच हाये."

मी तिला आगकाड्यांची पेटी आणि वाट्या दिल्या.